ख्रिस्तचरित्र पाहून घरी गेलेला माणूस : दादासाहेब फाळके



पवित्र शुक्रवारी रात्री आपल्या चर्चच्या आवारात पांढरा पडदा बांधून आपण प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. कुंभार पिंपळगावातून आणि आसपासच्या वस्त्यांतून पुष्कळ जण आले होते. त्याचा आम्हाला आनंद झाला. पण खरे सांगायचे तर त्या रात्री आम्ही चित्रपट पाहिलाच नाही. वीज जाईल का, जनरेटरला डिझेल पुरेल का, मागच्या रांगेत ऐकू येते का, या काळजीतच आमचे दोन तास गेले. पडद्यावर प्रभूला क्रुसावर खिळत होते तेव्हा आम्ही खुर्च्या मोजत होतो. आपल्यापैकीही काही जण मोबाईलवर बोलत होते, काही जण मध्येच उठून चहाला गेले. शेवटी दिवे लागले, पडद्याची घडी झाली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

ईस्टरनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हाला विचारले की, येशूचा पिक्चर बघून झाल्यावर पुढे काय करायचे असते? प्रश्न साधा होता. आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण मनातून तो प्रश्न गेला नाही. म्हणून या रविवारी आम्ही आपल्याला एका माणसाची जीवनकथा सांगणार आहोत. त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत असाच येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तो घरी गेला तो वेगळाच माणूस होऊन. तो ख्रिस्ती नव्हता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणून सारा देश त्यांना ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. हे कॉलेज स्कॉटिश मिशनरींनी उभारलेले. मुलाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांकडे होता. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मातीकाम, फोटोग्राफी, छपाई, असे जे जे हाताने करता येईल ते ते त्यांनी शिकून घेतले. आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे. ओल्या मातीला आकार येईपर्यंत चाकावर किती फिरावे लागते, हे आपल्याला सांगायला नको. फाळक्यांचे पहिले चाळीस वर्षांचे आयुष्य असेच फिरत गेले.

गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तेथे प्लेगची साथ आली आणि त्यात त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. स्टुडिओ सोडून ते परत आले. पुढे ते जादूचे प्रयोगही शिकले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा. पुरातत्त्व खात्यात त्यांना नकाशे व चित्रे काढण्याची सरकारी नोकरी मिळाली, पण स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ च्या सुमारास त्यांनी ती सोडली. मग लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे काम त्यांनी केले. देवादिकांची जी रंगीत चित्रे त्या काळी घरोघरी भिंतीवर लागली, त्या कामात फाळक्यांचे हात होते. छापखाना दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालू लागला आणि तेवढ्यात भागीदारांशी मतभेद झाले. फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

आता या माणसाकडे पाहा. वय चाळीस, म्हणजे आज आमचे आहे साधारण तेवढे. घरात बायको आणि लहान मुले. नोकरी नाही, धंदा नाही. अशा मनःस्थितीत १९१०-११ च्या सुमारास एके दिवशी ते गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या सिनेमागृहात गेले. तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. काही चरित्रकार हे दिवस नाताळचे होते असे सांगतात, तर काही ईस्टरचे. आम्हाला या दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. एक प्रभूच्या जन्माचा सण, दुसरा पुनरुत्थानाचा. त्या माणसाच्या आयुष्यात त्या दिवशी दोन्ही घडले असे म्हणता येईल.

तो चित्रपट आजच्यासारखा नव्हता. त्याला आवाज नव्हता. त्या काळी फ्रान्समध्ये अशी ख्रिस्तचरित्रे तयार होत. रंगवलेल्या पडद्यांपुढे नट उभे राहत आणि एकेक प्रसंग हातवाऱ्यांनी दाखवत. सिनेमागृहात बसलेल्या बहुतेकांना तो एक नवलाचा खेळ वाटला असेल. फाळक्यांना मात्र वेगळेच दिसले. पुढे १९१७ साली त्यांनी स्वतः लिहिलेल्या लेखांत हा प्रसंग सांगितला आहे. डोळ्यांपुढे ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहू लागले. आपल्या मातीतल्या कथा, आपल्या माणसांनी केलेल्या, अशा पडद्यावर कधी दिसतील का, या विचाराने ते झपाटले. पुन्हा तो चित्रपट पाहायला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. खिशात पैसे नव्हते, म्हणून शेजाऱ्यांकडून उसने घेतले.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न येईल. मागे एकदा ही गोष्ट सांगितली तेव्हा एका आजोबांनी तो आम्हाला विचारलाही होता. येशूचे जीवन पाहून हा माणूस ख्रिस्ती का झाला नाही? प्रभूला पाहताना त्याला राम-कृष्ण आठवले, मग आपण त्याचे कौतुक का करायचे?

आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. श्रद्धा हे देवाचे दान आहे. ते कोणाला, केव्हा, कसे मिळते याचा हिशेब ठेवणे आपले काम नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट शिकवले आहे. शिवाय आम्हाला असे वाटते की, त्या अंधाऱ्या सिनेमागृहात फाळक्यांना आपल्या श्रद्धेतील एक मोठी गोष्ट नकळत उमगली होती. शब्द देही झाला, असे आपण दररोज देवदूताच्या प्रार्थनेत आठवतो. देव ढगात राहिला नाही. तो एका गावात, एका आईच्या पोटी, एका भाषेत, धुळीच्या वाटांवर चालत आला. परमेश्वराची कथा ही पायांनी चालणारी, भाकरी मोडणारी, रडणारी कथा आहे. पडद्यावर फाळक्यांनी ती पाहिली आणि त्यांना कळले की पवित्र कथेला आपल्या मातीचा देह लागतो. मराठी भाषेत हेच काम फार पूर्वी फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले होते. इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यांनी ख्रिस्ताला ओवीचा देह दिला. फाळक्यांनी आपल्या लोकांच्या कथांना पडद्याचा देह दिला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चित्रपट पाहून फाळक्यांनी पुढे काय केले?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची एक गोष्ट शिकवली होती. काही माणसे गुहेत बांधलेली आहेत. समोरच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्यांनाच ती खरे समजतात. मागे वळून उजेड कोठून येतो हे कोणी पाहत नाही. सिनेमागृह हीसुद्धा अशीच गुहा होऊ शकते. फाळके मात्र मागे वळले. हा उजेड कोठून येतो, हे चित्र हलते कसे, हे त्यांना समजून घ्यायचे होते. मिळतील तेवढे चित्रपट ते पाहू लागले. लहानसे यंत्र आणून रात्रंदिवस प्रयोग करू लागले. झोप जेमतेम. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. पाहण्यासाठी डोळे पणाला लावणारा माणूस आणि मोबाईलवर तासन्‌तास बोट फिरवत डोळे घालवणारे आपण, यांतला फरक प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावा.

मग पैसा. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. ओळख ना पाळख. तेथे एका चित्रपट साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असा सल्ला दिला, पण पाहुण्याची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळक्यांनी काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि १ एप्रिलला ते परत आले.

पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी एक छोटी फिल्म बनवली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. ती पडद्यावर दाखवली तेव्हा दाणा फुटला, अंकुर वर आला, वेल चढू लागला, हे सारे मिनिटा-दोन मिनिटांत दिसले. शेतकरी बंधूंनो, मार्काच्या शुभवर्तमानातील दाखला आठवा. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. देवाच्या राज्याचा तो दाखला आपण किती वेळा ऐकला आहे! पेरणीपासून काढणीपर्यंत रोज शेतावर जाऊनही जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, ते या माणसाने नजर न ढळू देता बसून सगळ्यांना दाखवले.

यानंतर सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सारे गमावणाऱ्या राजा हरिश्चंद्राची कथा त्यांनी निवडली. आपल्या जुन्या करारातील ईयोबाची आठवण यावी अशी ही कथा. पण नाटक-सिनेमात काम करणे त्या काळी इतके हलके समजले जाई की तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना. समाजाने ज्यांना आधीच बाहेर टाकले होते त्या वेश्यावस्तीतील स्त्रियांनीसुद्धा नकार दिला. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके महिना पंधरा रुपयांवर राणी तारामती झाले. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दाबके यांनी केले आणि राजपुत्र रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा, असे फाळक्यांनी आपल्या माणसांना बजावले होते.

आता सरस्वतीबाईंविषयी. कॅमेऱ्यापुढे उन्हाची तिरीप नीट पडावी म्हणून तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहणाऱ्या त्या. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडणाऱ्या, फिल्म धुणाऱ्या त्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या, त्यांचे कपडे धुणाऱ्या त्या. आणि पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिने काढून देणाऱ्याही त्याच. मोलाच्या मोत्यासाठी सर्वस्व विकणाऱ्या व्यापाऱ्याचा दाखला प्रभूने सांगितला आहे. त्या व्यापाऱ्याच्या बायकोचे काय झाले, याचा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता. सरस्वतीबाईंमुळे तो करावा लागला. भारत सरकार १९६९ पासून चित्रपटातील मोठ्या कार्यासाठी दादासाहेब फाळके पुरस्कार देते. पण सरस्वतीबाईंचे नाव आपल्यापैकी किती जणांनी आजवर ऐकले होते? प्रत्येक घरात, प्रत्येक धर्मग्रामात अशी चादर धरून उभी राहिलेली कोणीतरी असते. त्या पवित्र शुक्रवारच्या रात्री चहा कोणी केला, खुर्च्या कोणी पुसल्या, हे आम्ही आभार मानताना विसरलो. त्या भगिनींची आम्ही येथे क्षमा मागतो.

सुमारे सात महिन्यांच्या कष्टानंतर ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कोरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी झळकला. भारतीय चित्रपटाचा जन्म त्या दिवशी झाला असे मानतात. पुढे 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म', 'कालिया मर्दन' असे एकामागून एक चित्रपट आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रियांसाठी बंद असलेले दार उघडले. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. १९१७ च्या 'लंकादहन'च्या वेळी पडद्यावर राम दिसताच लोक चपला काढून हात जोडत असत.

त्या लोकांना आपण हसू नये. 'दयासागर' हा चित्रपट गावोगावी दाखवला जाई तेव्हा येशूचे काम करणाऱ्या नटाला पाहून हात जोडणारे आपल्यातही होते. अशा वेळी ख्रिस्तसभेची जुनी शिकवण उपयोगी पडते. इ. स. ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने सांगितले की, पवित्र चित्राला दिलेला मान चित्रापाशी थांबत नाही, तो ज्याचे चित्र आहे त्याच्याकडे जातो. चित्र ही खिडकी आहे. खिडकीची काच पुसावी, पण घरभर काचच पाहत बसू नये. पडद्यावरील रक्त रंगाचे असते. ज्याच्यासाठी तो रंग लावला त्याचे रक्त मात्र खरे होते.

दादासाहेबांचा शेवट सुखाचा झाला नाही. १९१८ मध्ये त्यांनी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली, पण पुन्हा मतभेद झाले. रागावून ते काशीला गेले आणि काही काळाने परत आले. चित्रपट बोलू लागला आणि मूकपटांचा हा जादूगार मागे पडला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट. पुढची वर्षे नाशिकला ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुमारे ९५ चित्रपट केले. त्यांतील बहुतेक आज नष्ट झाले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चाही थोडाच भाग उरला आहे. बियाणे जमिनीत गेले, पीक मात्र दुसऱ्यांनी काढले.

ते चूक नसलेले संत होते असे आम्ही म्हणत नाही. हट्टी होते, भागीदारांशी पटत नसे, घरच्यांना त्यांनी फार ओढाताण सोसायला लावली. तरी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्यांच्या जीवनात सापडले. चित्रपट दिवे लागल्यावर संपत नाही. आपण घरी जाऊन काय करतो तेथे तो पूर्ण होतो. त्यांना पडद्यावर ख्रिस्त दिसला तो परक्या देशातून आलेला आणि मुका. तेवढ्यावर त्यांनी डोळे, पैसा, झोप सारे पणाला लावले. आपल्याला तो आपल्या भाषेत बोलताना ऐकू येतो, दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये आपल्या हातात येतो, आणि आपण चहाला उठतो.

पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली खास चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, आणि व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांवर स्वतंत्र आदेश दिला. वाईट चित्रपट टाळा आणि चांगले चित्रपट निवडायला मुलांना शिकवा, ही पालकांवरची जबाबदारी त्यांत सांगितली आहे. मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेणे सोपे आहे. त्याच्या शेजारी बसून पाहणे आणि नंतर बोलणे अवघड आहे. आम्हाला वाटते, दुसरेच जास्त जरुरीचे आहे. घरी कोणताही चित्रपट पाहून झाला की तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत. यात कोणाचे दुःख खरे वाटले? कोणती गोष्ट खोटी असूनही गोड करून दाखवली? आणि उद्या सकाळी मी काय वेगळे करीन?

येत्या शनिवारी संध्याकाळी रोझरीनंतर आपण तोच चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत. या वेळी जनरेटरची जबाबदारी युवक मंडळाने घेतली आहे, म्हणून आम्ही पुढच्या रांगेत मुलांबरोबर सतरंजीवर बसणार आहोत. मोबाईल घरी ठेवून या. चहा चित्रपट संपल्यावर मिळेल, आणि तो या वेळी पुरुष मंडळी करतील. चहा पिता पिता पंधरा मिनिटे बोलू, आणि ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्यालाच पहिल्यांदा बोलू देऊ.

प्रभू आपले डोळे उघडो आणि आपल्या घरादाराला आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू